खासगी क्लाउडचा व्यवस्थापन सर्व्हर बदलताना

एकाच दणकट सर्व्हरवर एकमेकांपासून वेगळे असे अनेक संगणक चालवण्याच्या तंत्राला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. प्रत्यक्ष यंत्रावर हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर बसते आणि ते त्या यंत्राचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क अनेक व्हर्च्युअल मशिन्समध्ये वाटून देते. हायपरव्हायजर बसवलेल्या यंत्राला होस्ट असे नाव आहे. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली होती. साध्या, बाजारात सहज मिळणाऱ्या सर्व्हरवर हे तंत्र रुजवले ते १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने. सर्व्हरसाठीचा तिचा ईएसएक्स हा हायपरव्हायजर २००१ मध्ये आला.

होस्ट एक-दोन असतील तोवर प्रत्येकावर स्वतंत्र लॉगिन करून काम भागते. ते वीस-चाळीस झाले, की कोणते मशीन कुठे चालू आहे, कोणत्या होस्टवर जागा उरली आहे, कोणाला कशाची परवानगी आहे, याची नोंद एका जागी ठेवावी लागते. हे काम करणारा सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअलायझेशनचा व्यवस्थापन सर्व्हर. व्हीएमवेअरने २००३ मध्ये व्हर्च्युअलसेंटर या नावाने तो आणला. चालू मशीन बंद न करता एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलवण्याची व्हीमोशन ही सोयही त्याच वेळी आली. २००९ पासून त्याचे नाव व्हीसेंटर सर्व्हर आहे. मायक्रोसॉफ्टचा सिस्टिम सेंटर व्हर्च्युअल मशीन मॅनेजर आणि मुक्त स्रोतातील ओव्हिर्ट इंजिन हीच भूमिका आपापल्या प्रणालीत बजावतात.

एखाद्या संस्थेने केवळ स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या क्लाउडला खासगी क्लाउड म्हणतात. बँका, रुग्णालये, सरकारी खाती अशा, डेटा कुठे राहतो याचे उत्तर द्यावे लागणाऱ्या संस्था हा मार्ग धरतात. भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंट व्यवहारांचा डेटा देशातच साठवण्याचा आदेश दिला. सरकारी कारभारासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. खासगी क्लाउड कोणाचाही असो, तो चालवणाऱ्यांच्या वाट्याला दर काही वर्षांनी एक काम येतेच, ते म्हणजे व्यवस्थापन सर्व्हरचे अपग्रेड. हे काम कसे चालते, हे पुढे व्हीसेंटरच्या उदाहरणाने पाहता येईल.

व्यवस्थापन सर्व्हर बंद असताना

अपग्रेडच्या वेळी व्हीसेंटर काही काळ बंद राहतो. तेवढ्यात सगळा क्लाउड ठप्प होईल, अशी भीती नवख्यांना वाटते. तसे होत नाही. तलाठ्याचे दप्तर बंद असले तरी शेतात नांगर चालतो, पीक उभे राहते; अडतात ती फेरफार, वाटणी आणि खरेदीखताच्या नोंदीची कामे. व्हीसेंटरचेही तसेच आहे. व्हर्च्युअल मशिन्स होस्टवर चालतात, व्हीसेंटरवर नाही. त्यामुळे तो बंद असताना बँकेचे व्यवहार, रुग्णालयाची नोंदणी, कार्यालयाचा ईमेल सुरूच राहतो. एखादा होस्ट अचानक बंद पडला तर त्यावरची मशिन्स दुसऱ्या होस्टवर पुन्हा सुरू करणारी हाय अव्हेलेबिलिटी ही यंत्रणाही काम करत राहते. ती एकदा व्हीसेंटरने लावून दिली, की पुढचा निर्णय होस्ट आपापसांत घेतात.

थांबतात त्या गोष्टी वेगळ्या. नवे मशीन तयार करता येत नाही. चालू मशीन व्हीमोशनने हलवता येत नाही, त्यामुळे होस्टमधला भार आपोआप सारखा करणारी डीआरएस ही व्यवस्था थंडावते. अनेक होस्टना जोडणाऱ्या डिस्ट्रिब्युटेड स्विचमधून डेटा वाहत राहतो, पण त्या स्विचची मांडणी बदलता येत नाही. रात्रीचा बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर व्हीसेंटरला विचारल्याशिवाय मशीनला हात लावत नाही, म्हणून तेही अडते. वापरकर्त्याला स्वतः मशीन मागवता येईल असे पोर्टल असेल तर ते दिसते, पण मागणी पुढे सरकत नाही.

नेमके याच कारणाने या सर्व्हरकडे दुर्लक्ष होते. तो मागे पडला तरी कोणाचे काम लगेच अडत नाही, त्यामुळे ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात.

अपग्रेड का करावे लागते

पहिले कारण म्हणजे मुदत. प्रत्येक आवृत्तीला निर्मात्याकडून ठरावीक काळच दुरुस्त्या मिळतात. व्हीस्फिअर ६.५ आणि ६.७ या आवृत्त्यांचा सर्वसाधारण सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ रोजी संपला, ७.० चा २ ऑक्टोबर २०२५ रोजी. व्हीस्फिअर हे होस्टवरचा ईएसएक्सआय हायपरव्हायजर आणि व्हीसेंटर या जोडगोळीचे एकत्रित नाव आहे.

दुसरे कारण सुरक्षा. व्हीसेंटरकडे सगळ्या होस्टच्या किल्ल्या असतात, म्हणून हल्लेखोरांचे लक्ष त्याच्याकडे जास्त. २०२१ या एका वर्षात त्यात फेब्रुवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीन वेळा अतिगंभीर त्रुटी जाहीर झाल्या. तिन्हींमध्ये नेटवर्कवरून व्हीसेंटरपर्यंत पोचणाऱ्याला पासवर्ड नसतानाही सर्व्हरचा ताबा मिळवता येत होता. त्याच डिसेंबरात आलेल्या लॉग४शेल या गाजलेल्या त्रुटीची झळही व्हीसेंटरला बसली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२३-३४०४८ ही त्रुटी तर इतकी गंभीर ठरली, की मुदत संपलेल्या ६.५ आणि ६.७ साठीही कंपनीने पॅच काढले. एका हेरगिरी करणाऱ्या गटाने ही त्रुटी २०२१ च्या अखेरीपासूनच वापरल्याचे सुरक्षा कंपनी मँडियंटने जानेवारी २०२४ मध्ये उघड केले. पॅच येण्याआधीची ती जवळजवळ दोन वर्षे होती.

तिसरे कारण रचनेतला बदल. व्हीसेंटर पूर्वी विंडोज सर्व्हरवर बसवला जाई. २०११ मध्ये व्हीस्फिअर ५.० सोबत तो लिनक्सवर आधारलेल्या तयार मशीनच्या रूपातही मिळू लागला. याला अप्लायन्स म्हणतात. विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती ६.७ होती. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ७.० पासून फक्त अप्लायन्स उरला. ज्यांनी विंडोज धरून ठेवले होते त्यांना अपग्रेडसोबत स्थलांतरही करावे लागले.

चौथे कारण परवान्याचे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवले. त्यामुळे नव्या आवृत्तीकडे जाणे हा आता तांत्रिक निर्णयाइतकाच हिशेबाचाही निर्णय झाला आहे. ७.० ची परवाना की ८.० ला चालत नाही. नव्या व्हीसेंटरला ६० दिवसांची चाचणी मुदत मिळते, पण ती संपण्याआधी योग्य परवाना हाती असावा लागतो.

कोणत्या वाटेने, कोणत्या क्रमाने

जुन्या आवृत्तीवरून थेट सर्वात नव्या आवृत्तीवर उडी मारता येतेच असे नाही. ६.७ वरून ८.० वर थेट जाता येते, ६.५ वरून नाही, तिथे ७.० चा मुक्काम घ्यावा लागतो. जून २०२५ मध्ये आलेल्या ९.० कडे ७.० वरून सरळ वाट नाही, मध्ये ८.० आहे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे पॅचच्या तारखा. ८.० बाहेर पडल्यानंतरही ७.० साठी सुरक्षा पॅच येत होते. ७.० चा एखादा ताजा पॅच घेतलेल्या सर्व्हरवरून, त्या पॅचच्या आधी निघालेल्या ८.० च्या आवृत्तीकडे जाता येत नाही. जुन्या मालिकेतली ताजी दुरुस्ती नव्या मालिकेच्या त्या आवृत्तीत नसते, म्हणून आकडा वाढला तरी ते मागे जाणेच ठरते. शिस्तीने दर महिन्याला पॅच लावणारा प्रशासक नेमका इथे अडकतो. त्यामुळे निवडलेल्या आवृत्तीची निघण्याची तारीख चालू पॅचच्या तारखेनंतरची आहे ना, हे आधी पाहावे लागते.

क्रमाचा मूळ नियम असा, की व्यवस्थापन सर्व्हर आधी, होस्ट नंतर. नवा व्हीसेंटर काही जुन्या आवृत्त्यांचे होस्ट सांभाळू शकतो. जुना व्हीसेंटर मात्र आपल्याहून नव्या मुख्य आवृत्तीचा होस्ट सांभाळत नाही. व्हीसेंटर ८.० हा ६.७, ७.० आणि ८.० चे होस्ट चालवतो. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या होस्टच्या गटात, ६.५ चा एखादा होस्ट शिल्लक असेल तर त्याचा प्रश्न व्हीसेंटरला हात लावण्याआधीच सोडवावा लागतो.

व्हीसेंटर एकटा नसतो. बॅकअप सॉफ्टवेअर, एनएसएक्ससारखी नेटवर्क प्रणाली, दुसऱ्या डेटा सेंटरकडे वळवणारी आपत्ती निवारण व्यवस्था, व्हर्च्युअल डेस्कटॉप आणि देखरेखीची साधने त्याच्याशी बोलत असतात. यातल्या प्रत्येकाची चालू आवृत्ती नव्या व्हीसेंटरला चालते का, हे कंपनीच्या सुसंगततेच्या तक्त्यात तपासायचे असते. न चालणारे सॉफ्टवेअर बहुधा व्हीसेंटरच्या आधी अपग्रेड करावे लागते. हा तक्ता न पाहता केलेल्या अपग्रेडची चूक त्या रात्री दिसत नाही. सगळे हिरवे असते, आणि दुसऱ्या सकाळी कळते, की रात्रीचा एकही बॅकअप झालेला नाही.

आधीची तयारी

तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे बॅकअप. व्हीसेंटरचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या प्रशासन पानावरून घेता येतो. ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या नावापुढे ५४८० हा पोर्ट दिला, की हे पान उघडते. बॅकअपच्या फायली दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन पडतात. त्या परत वापरायच्या झाल्या तर त्याच आवृत्तीचा नवा अप्लायन्स उभा करून त्यात त्या भराव्या लागतात. म्हणून जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर आयएसओ फाइल जपून ठेवणे हा बॅकअपचाच भाग आहे. सपोर्ट संपल्यावर ती शोधत बसण्याची वेळ येऊ नये. डिस्ट्रिब्युटेड स्विचची मांडणीही वेगळी एक्सपोर्ट करून ठेवतात.

दुसरी गोष्ट स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली स्थिती. व्हीसेंटर बंद करून घेतलेला स्नॅपशॉट सर्वात भरवशाचा. एकच व्हीसेंटर असेल तर हे सोपे आहे. मोठ्या संस्थांमध्ये अनेक व्हीसेंटर एन्हान्स्ड लिंक्ड मोडने जोडलेले असतात. वापरकर्ते, भूमिका आणि परवाने यांची निर्देशिका सर्वांत सामायिक असते आणि प्रत्येकाकडची प्रत एकमेकांशी जुळवली जाते. तिथे सर्व व्हीसेंटर एकाच वेळी बंद करून सर्वांचे स्नॅपशॉट घ्यावे लागतात, आणि परत जायचे झाल्यास सर्वांना एकत्रच मागे न्यावे लागते. एकालाच मागे नेले तर निर्देशिकेच्या प्रतींचा ताळमेळ बिघडतो आणि तो पुन्हा जुळवणे जिकिरीचे होते.

तिसरी गोष्ट नाव, वेळ आणि पासवर्ड. व्हीसेंटरची ओळख त्याच्या पूर्ण नावाला बांधलेली असते. डीएनएसमध्ये नावावरून आयपी पत्ता आणि पत्त्यावरून नाव, दोन्ही शोध बरोबर यावे लागतात. उलटा शोध कोणी तरी कधी तरी पुसून टाकलेला असतो आणि रोजच्या वापरात त्यावाचून काही अडत नाही. अपग्रेडमध्ये अडते. सर्व होस्टची आणि व्हीसेंटरची घड्याळे एकाच वेळ-सर्व्हरवरून चालायला हवीत. अप्लायन्सच्या रूट खात्याचा पासवर्ड मूळ मांडणीप्रमाणे ९० दिवसांनी संपतो. रोजचे काम दुसऱ्या खात्याने होत असल्यामुळे तो केव्हाच संपलेला असतो, याचा पत्ता अपग्रेडच्या वेळीच लागतो.

चौथी गोष्ट सर्टिफिकेटची, आणि इथे सर्वाधिक अपग्रेड अडकतात. व्हीसेंटरच्या आत अनेक सेवा एकमेकींशी बोलतात आणि प्रत्येक बोलण्याआधी ओळख पटवतात. ही ओळखपत्रे सिक्युरिटी टोकन सर्व्हिस नावाची सेवा देते आणि ती देताना स्वतःच्या सर्टिफिकेटने सही करते. ६.५ अपडेट २ किंवा त्यानंतर नव्याने बसवलेल्या काही सर्व्हरवर या सर्टिफिकेटची मुदत दोनच वर्षांची होती. ती संपली, की सर्व्हर चालू असतो, पिंगला उत्तर देतो, लॉगिनचे पानही दिसते. पण खरा पासवर्ड टाकूनही आत जाता येत नाही. अशा सर्व्हरवर अपग्रेड सुरू केले तर सेवांनाच एकमेकींची ओळख पटत नाही आणि काम अर्ध्यावर थांबते. मुदत तपासण्यासाठी व्हीएमवेअरने एक छोटी स्क्रिप्ट दिली आहे. ती चालवायला काही मिनिटे लागतात. सर्टिफिकेट संपत आले असेल तर ते आधी बदलून, सेवा पुन्हा सुरू करून, एक-दोन दिवस सर्व सुरळीत चालल्याचे पाहून मगच अपग्रेडला हात घालणे शहाणपणाचे.

अपग्रेडचे दोन टप्पे

व्हीसेंटरचे मोठे अपग्रेड जुन्या सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर चढवून होत नाही. शेजारी नवा अप्लायन्स उभा राहतो, जुन्याचा डेटा त्यात जातो आणि नवा जुन्याचे नाव-पत्ता घेतो. जुना सर्व्हर अखेरपर्यंत जसाच्या तसा राहतो. परत फिरणे सोपे असते ते याच रचनेमुळे.

प्रशासक आपल्या संगणकावर आयएसओ फाइल उघडतो आणि इन्स्टॉलर सुरू करतो. पहिल्या पानावर चार पर्याय दिसतात: नवीन बसवणे, अपग्रेड, स्थलांतर आणि बॅकअपमधून पुनर्स्थापना. अपग्रेड निवडल्यावर पहिल्या टप्प्यात जुन्या व्हीसेंटरचे नाव आणि पासवर्ड, तसेच नवा अप्लायन्स ज्या होस्टवर उभा करायचा त्याची माहिती द्यावी लागते. नव्याचा आकार इथेच ठरतो. ८.० मध्ये १० होस्ट आणि १०० मशिन्सपर्यंतच्या सर्वात लहान आकाराला २ प्रोसेसर आणि १४ जीबी मेमरी लागते. १०० होस्ट आणि १,००० मशिन्ससाठी ४ प्रोसेसर आणि २१ जीबी. ४०० होस्ट आणि ४,००० मशिन्ससाठी ८ प्रोसेसर आणि ३० जीबी. डेटाबेस फुगलेला असेल तर डिस्कची जागा त्या मानाने जास्त घ्यावी लागते.

नव्या अप्लायन्सला या टप्प्यात एक तात्पुरता आयपी पत्ता मिळतो. तो जुन्या सर्व्हरच्याच नेटवर्कमधला असलेला बरा. नेटवर्कची एक खुबी इथे अनेकांना अडवते. अप्लायन्स थेट होस्टवर उभा करताना डिस्ट्रिब्युटेड स्विचचे साधे पोर्ट ग्रुप निवडता येत नाहीत, कारण त्यांचे पोर्ट वाटण्याचे काम व्हीसेंटरचे असते. इफेमेरल प्रकारचा पोर्ट ग्रुप होस्ट स्वतः वाटू शकतो. असा एक पोर्ट ग्रुप आधीच तयार ठेवला तर अडचण येत नाही, आणि पुढे कधी व्हीसेंटर कोलमडला तरी तोच उपयोगी पडतो.

पहिला टप्पा पूर्ण झाला, की नवा अप्लायन्स चालू पण रिकामा असतो. जुना व्हीसेंटर अजून कामावरच आहे. कोणालाही काही जाणवलेले नसते. इथे थांबून नव्या अप्लायन्सचाही स्नॅपशॉट घेतात. दुसरा टप्पा फसला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

दुसऱ्या टप्प्याची सुरुवात पूर्वतपासणीने होते. इन्स्टॉलर जुन्या सर्व्हरकडून माहिती घेऊन इशारे दाखवतो. ज्या क्लस्टरवर अप्लायन्स आहे तिथे डीआरएस पूर्ण स्वयंचलित असेल तर तसा इशारा येतो, कारण ऐन कामात मशीन दुसऱ्या होस्टवर हलले तर इन्स्टॉलरला ते सापडत नाही. डीआरएस तेवढ्यापुरते हाताने चालवण्याच्या स्थितीत ठेवतात. मग काय न्यायचे ते विचारले जाते: फक्त मांडणी आणि यादी, की सोबत कामे व घटनांचा इतिहास, की त्यावर कामगिरीचे जुने आकडेही. तिसरा पर्याय निवडला तर बरीच जास्त माहिती हलवावी लागते आणि बंद राहण्याचा काळ त्या प्रमाणात वाढतो.

यानंतर खरा पालट होतो. जुन्यातील डेटा बाहेर काढून नव्याकडे पाठवला जातो. मग जुना सर्व्हर बंद होतो, नवा त्याचे नाव आणि आयपी पत्ता धारण करतो, सेवा एकेक करून उठतात आणि शेवटी डेटा नव्या डेटाबेसमध्ये भरला जातो. ब्राउझरमधली जोडणी तुटते, ती नव्या पत्त्यावर पुन्हा उघडावी लागते. सेवा उठायला वेळ लागतो आणि टक्केवारीचा पट्टा एका जागी थबकल्यासारखा दिसतो. अशा वेळी घाईने सर्व्हर पुन्हा सुरू करणे हा हमखास घात करण्याचा मार्ग आहे.

तपासणी आणि माघार

लॉगिनचे पान दिसले म्हणजे काम झाले असे नाही. स्थानिक खात्यासोबत संस्थेच्या निर्देशिकेतील साध्या खात्यानेही लॉगिन करून पाहावे लागते. सर्व होस्ट जोडलेले दिसतात का, एक मशीन व्हीमोशनने हलते का, एक चाचणी मशीन तयार होऊन पुसता येते का, बॅकअपचे एक काम हाताने चालवल्यास पूर्ण होते का, देखरेखीच्या साधनाकडे नवी माहिती येते का, हे एकेक करून पडताळायचे असते. ७.० अपडेट १ किंवा पुढच्या आवृत्तीवर आल्यावर क्लस्टरमध्ये कोणी न बनवलेली, जास्तीत जास्त तीन छोटी मशिन्स दिसू लागतात. क्लस्टरच्या सेवा चालवण्यासाठी व्हीसेंटर ती स्वतःच उभी करतो. अनोळखी समजून ती पुसू नयेत.

तपासणीत काही मोडलेले आढळले तर माघार सरळ आहे. नवा अप्लायन्स बंद करायचा आणि जुना चालू करायचा. होस्टना अजून हात लागलेला नसल्यामुळे ते जुन्याशी पुन्हा जोडले जातात. मधल्या वेळात नव्यावर केलेले बदल तेवढे हरवतात, म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत नव्या मागण्या रोखून धरतात. दोन्ही सर्व्हरचे नाव आणि पत्ता एकच असल्यामुळे ते एकाच वेळी चालू होणे धोक्याचे. जुन्याचे नाव यादीत बदलून, त्याचे नेटवर्क कार्ड काढून ठेवणे हा साधा उपाय आहे. होस्ट अचानक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी जुना सर्व्हर मग चुकून जागा होऊन गोंधळ घालत नाही.

होस्ट आणि एकेरी वाटा

व्हीसेंटर स्थिरावल्यावर, घाई न करता काही दिवसांनी, होस्टची पाळी येते. एका होस्टवरची मशिन्स व्हीमोशनने इतरांकडे जातात, होस्ट देखभाल स्थितीत जातो, अपग्रेड होऊन पुन्हा सुरू होतो आणि कामावर परततो. मग पुढचा. चालू मशिन्सना याची झळ लागत नाही, पण त्यासाठी क्लस्टरमध्ये एका होस्टइतकी जागा मोकळी हवी. आठ होस्टची मेमरी सरासरी ७० टक्के भरलेली असेल, तर एक बाजूला काढल्यावर उरलेल्या सातांवर ती ८० टक्के होते, चालून जाते. चार होस्ट ८० टक्के भरलेले असतील तर उरलेल्या तिघांवर १०६ टक्क्यांहून जास्त भार येतो, म्हणजे मशिन्स मावतच नाहीत. अशा ठिकाणी आधी काही मशिन्स बंद करावी लागतात किंवा एखादा होस्ट वाढवावा लागतो.

इथून पुढे परतीच्या वाटा एकेक करून बंद होऊ लागतात. ६.७ वरून ७.० किंवा ८.० वर गेलेल्या होस्टच्या बूट डिस्कची विभागणीच बदलते, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर परतायचे तर होस्ट नव्याने बसवावा लागतो. ७.० मध्ये जुन्या लिनक्स पद्धतीच्या ड्रायव्हरना जागा उरली नाही. ज्या नेटवर्क किंवा स्टोरेज कार्डाला केवळ तसाच ड्रायव्हर होता ते कार्ड अपग्रेडनंतर दिसेनासे होते. म्हणूनच सर्व्हरचे मॉडेल, प्रोसेसर आणि कार्डे नव्या आवृत्तीच्या मान्य हार्डवेअरच्या यादीत आहेत का, हे पहिला होस्ट रिकामा करण्याच्या कितीतरी आधी पाहून ठेवायचे असते.

सगळे होस्ट झाल्यावर प्रत्येक मशीनमधील व्हीएमवेअर टूल्स अद्ययावत करतात आणि त्यानंतर मशीनच्या आभासी हार्डवेअरची आवृत्ती वाढवतात. क्रम हाच हवा. आधी टूल्समधून नवे ड्रायव्हर येतात, मग नवे हार्डवेअर ओळखले जाते. हार्डवेअरची आवृत्ती वाढवण्यासाठी मशीन बंद करावे लागते. ६.७ सोबत आवृत्ती १४ होती, ८.० सोबत २० आली. ती वाढवलेले मशीन जुन्या होस्टवर सुरू होत नाही. डिस्ट्रिब्युटेड स्विचची आवृत्ती आणि व्हीसॅन स्टोरेजमधील डिस्कचे स्वरूप एकदा वाढवले, की मागे घेता येत नाही. ही कामे सर्वांत शेवटी आणि गरज असेल तरच करायची असतात. एखादी नवी सोय हवी नसेल तर स्विच जुन्या आवृत्तीवर काही महिने ठेवल्याने बिघडत नाही. उलट, एखादा होस्ट मागे राहिला असेल तर तोही त्या स्विचवर चालत राहतो.

बंद राहण्याचा काळ कमी करताना

जुन्या पद्धतीत दुसऱ्या टप्प्याचा बहुतेक काळ व्हीसेंटर बंद असतो. रात्रंदिवस मशिन्स तयार करणाऱ्या आणि पुसणाऱ्या क्लाउडला हा काळ जड जातो. यावर व्हीएमवेअरने रिड्यूस्ड डाउनटाइम अपग्रेड ही पद्धत आणली आणि सप्टेंबर २०२३ मधील ८.० अपडेट २ पासून ती संस्थांच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्येही मिळू लागली. तिच्यात जुना व्हीसेंटर चालू असतानाच नवा उभा राहतो, डेटा मागून त्याच्याकडे जात राहतो आणि फक्त शेवटच्या अदलाबदलीपुरता, साधारण पाच मिनिटे, जुना बंद राहतो. अदलाबदलीची वेळ प्रशासक ठरवतो. दिवसभर तयारी करून ठेवायची आणि रात्री वेळ साधायची, असे करता येते. डीएनएस, सर्टिफिकेट आणि सुसंगततेची आधीची तपासणी मात्र या पद्धतीतही तितकीच लागते.

इतर प्रणाली आणि पुढची फेरी

परवान्याच्या नव्या धोरणानंतर अनेक संस्था मुक्त स्रोतातील पर्यायांकडे पाहू लागल्या. तिथे अपग्रेडची रीत वेगळी आहे. रॅकस्पेस आणि नासा यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ओपनस्टॅकमध्ये एक व्यवस्थापन सर्व्हर नसून ओळख, नेटवर्क, स्टोरेज, संगणन अशा वेगवेगळ्या सेवा असतात. प्रत्येक सेवेचा डेटाबेस नव्या साच्यात बदलावा लागतो आणि हा बदल परत फिरत नाही, म्हणून अपग्रेडआधीचा डेटाबेसचा बॅकअप हाच परतीचा मार्ग असतो. नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. हा वेग झेपत नाही अशी तक्रार होती, त्यामुळे २०२३.१ अँटिलोपपासून मधली एक आवृत्ती गाळून वर्षाला एकदाच अपग्रेड करण्याची अधिकृत सोय झाली.

डेबियन लिनक्सवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्स व्हीईमध्ये वेगळा व्यवस्थापन सर्व्हर लागत नाही. क्लस्टरची मांडणी प्रत्येक नोडकडे, म्हणजे होस्टकडे, असते आणि कोणत्याही नोडवरून सगळा क्लस्टर सांभाळता येतो. त्यामुळे ‘आधी सर्व्हर, मग होस्ट’ हा क्रम तिथे लागू नाही. नोड एकामागून एक अपग्रेड होतात. मोठ्या आवृत्तीआधी चालवायची तपासणीची स्क्रिप्ट सोबत मिळते. अपग्रेड सुरू असताना क्लस्टरमध्ये दोन आवृत्त्या एकत्र नांदतात. त्या काळात मशिन्स जुन्या नोडवरून नव्याकडे हलवणे हीच सुरक्षित दिशा मानली जाते. उलट दिशेचा भरवसा धरत नाहीत.

प्रणाली कोणतीही निवडली तरी ही फेरी पुन्हा येते. व्हीस्फिअर ८.० चा सर्वसाधारण सपोर्ट ११ ऑक्टोबर २०२७ रोजी संपणार आहे. म्हणून अपग्रेडचे शेवटचे काम कागदावरचे असते. तपासण्या समाधानकारक झाल्यावर स्नॅपशॉट पुसायचे, कारण ते ठेवले तर डिस्क खात राहतात. ठरलेल्या मुदतीनंतर जुना अप्लायन्स काढून टाकायचा, आणि नव्याचा नियमित बॅकअप सुरू झाल्याची खात्री करायची. कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर आलो, कुठले इशारे आले, कोणते सर्टिफिकेट कधी संपते, रूटचा पासवर्ड कधी बदलायचा, व्हीसेंटर प्रत्यक्षात किती वेळ बंद होता, हे सगळे लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी काम करणारी माणसे बहुधा वेगळी असतात आणि त्यांची तयारी या नोंदींपासूनच सुरू होते.